शिंजुकूची रात्र स्थानिक गाइडसोबत पायी कशी पाहावी

टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत आणि जगातील सर्वाधिक वर्दळीचे स्थानक म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. या स्थानकातून नेमक्या दाराने बाहेर पडणे अवघड असले तरी फोनवरच्या नकाशाने ते निभावते. खरी अडचण त्यानंतर गोल्डन गाइ या चिमुकल्या बारच्या वस्तीतील गल्लीत उभे राहिल्यावर येते. समोर हातभर रुंदीचे बंद दार असते, आत डोकावायला खिडकी नसते, दाराबाहेर दरांचा कागद लावलेला असेल तर तो बहुधा जपानीत असतो आणि आत जेमतेम सहा-सात माणसे बसतील एवढीच जागा असते. ते दार सरकवावे की नाही, सरकवले तर काय म्हणावे, नुसते बसण्याचे किती पैसे पडतील आणि मालकाने हातांची फुली करून दाखवली तर त्याचा राग मानावा का, या प्रश्नांची उत्तरे कोणताही नकाशा देत नाही.

स्थानिक गाइड घ्यायचा तो यासाठी. काबुकीचो या करमणुकीच्या वस्तीचा झगमगाट रस्त्यावर उभे राहून कोणालाही फुकट पाहता येतो, त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. कोणत्या दारातून आत जायचे आणि कोणत्या दाराकडे वळूनही पाहायचे नाही, हे ज्याला रोजच्या वावरामुळे ठाऊक आहे त्याच्या त्या माहितीचे मोल आपण देत असतो. या लेखात गाइडची निवड, पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष फेरीचा मार्ग, हे सारे क्रमाने दिले आहे. मार्ग मी माझ्या पसंतीने आखला आहे. गाइडने त्यात बदल सुचवले तर ते ऐकावेत, मात्र बदलाचे कारण विचारून घ्यावे.

गाइडची निवड

जपानमध्ये पर्यटकांना परक्या भाषेत माहिती देणाऱ्या व्यावसायिक गाइडसाठी 1949 च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला होता. जानेवारी 2018 पासून ही सक्ती उठली, त्यामुळे आता परवाना नसलेली व्यक्तीही पैसे घेऊन फेरी घडवू शकते. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी केलेले गाइड आजही आहेत आणि त्यांच्याजवळ नोंदणीचे प्रमाणपत्र असते. देवळे आणि राजवाडे पाहायचे असतील तर अशा गाइडचा इतिहासाचा अभ्यास फार उपयोगी पडतो. रात्रीच्या शिंजुकूसाठी मात्र केवळ प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नये, कारण इथे परीक्षेतील गुणांपेक्षा त्या गल्ल्यांतील ओळखदेख अधिक कामाची असते. दोन्ही एकाच माणसात सापडले तर उत्तमच.

बुकिंग करण्यापूर्वी गाइडला किंवा आयोजकांना लेखी विचारावे असे काही प्रश्न आहेत. गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. सहाच्या वर आकडा गेला की गोल्डन गाइतील बहुतेक बार तुमच्यासाठी आपोआप बंद होतात, कारण एवढ्या खुर्च्याच तिथे नसतात. मग दहा-बारा जणांचा तो गट गल्लीत उभा राहून गाइडचे भाषण ऐकतो आणि एखाद्या मोठ्या, कोणालाही सामावून घेणाऱ्या बारमध्ये जाऊन बसतो. त्यात रात्र वाईट जाते असे नाही, पण जे पाहायला आलो ते राहून जाते. चौघांचा गट मला सर्वांत सोयीचा वाटतो.

दुसरा प्रश्न पैशांचा. नुसत्या फेरीचे शुल्क साधारणपणे काही हजार येन असते, आणि खाण्यापिण्यासह तीन तासांची फेरी दहा हजार येनच्या पुढे जाते. या दुसऱ्या प्रकारात नेमके काय धरले आहे हे स्पष्ट करून घ्यावे: किती ठिकाणी बसणार, प्रत्येक ठिकाणी किती पेये, बसण्याचे शुल्क त्यात आहे की वेगळे, आणि गाइडच्या स्वतःच्या खाण्यापिण्याचा खर्च कोणी करायचा. शेवटची बाब विचारायला संकोच वाटतो, पण ती ठरलेली नसेल तर बिलाच्या वेळी त्याहून मोठा संकोच वाट्याला येतो. जपानमध्ये टिप देण्याची पद्धत नाही, त्यामुळे तो खर्च मनात धरू नये.

तिसरा प्रश्न थोडा आडवळणाने विचारावा लागतो: ‘तुम्ही आम्हाला कोणत्या बारमध्ये नेणार आणि तेच का?’ ज्या गाइडला बारकडून दलाली मिळते तो इथे मोघम बोलतो. ज्याची खरी ओळख असते तो सांगतो की अमुक ठिकाणी मालकीणबाई स्वतः काउंटरमागे असतात, त्यांना इंग्रजी फारसे येत नाही पण जुन्या गाण्यांची आवड आहे, आणि मंगळवारी त्यांची सुट्टी असते. असे तपशील बनवून सांगणे कठीण असते.

एका प्रकारची फेरी मात्र पूर्णपणे टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. काबुकीचोत देहव्यापाराच्या आसपासचे अनेक धंदे चालतात, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या मुली किंवा घर सोडून आलेली अल्पवयीन मुले हेच ‘आकर्षण’ म्हणून दाखवणाऱ्या फेऱ्याही निघतात. जाहिरातीत ‘काळी बाजू’, ‘निषिद्ध गल्ल्या’ असे शब्द दिसले की ती फेरी सोडून द्यावी. त्या माणसांनी आपल्या मनोरंजनाला संमती दिलेली नाही. जाणता गाइड हा विषय टाळत नाही. तो चालता चालता नीट समजावून सांगतो, पण कोणाकडे बोट दाखवत नाही.

दिवस, वेळ आणि पूर्वतयारी

शुक्रवार आणि शनिवारी गर्दी सर्वाधिक असते, आणि छोट्या बारमध्ये जागा मिळण्याची शक्यता तेवढीच कमी. रविवारी व सोमवारी गोल्डन गाइतील बरीच दारे बंद असतात. म्हणून मंगळवार ते गुरुवार हे दिवस धरावेत. जूनमधील पावसाळी दिवस आणि सप्टेंबरच्या आसपासची वादळे सोडली तर ऋतू कोणताही चालतो. हिवाळ्यात साडेचार-पाचलाच अंधार पडत असल्याने दिव्यांची मजा लवकर सुरू होते, तर उन्हाळ्यात त्यासाठी सातपर्यंत थांबावे लागते. फेरी साडेसहाच्या सुमारास सुरू करणे योग्य, कारण ओमोइदे योकोचो या खाण्यापिण्याच्या गल्लीतील दुकाने तोवर रंगात आलेली असतात आणि गोल्डन गाइ आठ-नऊनंतर जागे होते, त्यामुळे दोन्हींची वेळ एकाच मार्गात साधते.

रोख पैसे जवळ हवेतच. टोकियोत कार्ड आणि फोनने पैसे देणे आता सर्रास चालते, पण सहा खुर्च्यांच्या बारमध्ये अजूनही रोखीचाच भरवसा असतो. माणशी दहा हजार येन, त्यांतही हजाराच्या नोटा जास्त, असा हिशेब पुरतो. परदेशी कार्डावर पैसे काढायला सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएम सोयीचे असतात. ते काम फेरीपूर्वीच उरकावे. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट सतत जवळ बाळगणे जपानी कायद्याने बंधनकारक आहे. मद्यपानाचे किमान वय वीस वर्षे आहे. 2022 मध्ये सज्ञानतेचे वय अठरावर आणले गेले तरी मद्याचा नियम बदललेला नाही, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांची मुले बरोबर असतील तर गाइडला आधी कल्पना द्यावी.

पाठीवरची मोठी सॅक हॉटेलातच ठेवावी. गोल्डन गाइचे अनेक बार माडीवर असतात आणि तिथे नेणारा जिना इतका उभा व अरुंद असतो की सॅक घेऊन चढणारा माणूस उतरणाऱ्याला भिंतीशी चेपतो. बूट चालायचे असावेत, पण काही ठिकाणी काढावे लागतात, म्हणून मोज्यांना भोके नसलेली बरी.

आता आपल्याकडील अनेकांचा मुख्य प्रश्न. शाकाहारी माणसाने ही फेरी करावी का? अवश्य करावी, पण पोटभर जेवण आधी उरकून. याकितोरीच्या, म्हणजे काडीत ओवून भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानात हिरव्या मिरच्या, मशरूम, कांद्याची पात, गिंकोच्या बिया अशा काड्या मिळतात, परंतु त्या कोंबडीच्याच निखाऱ्यांवर भाजल्या जातात. वरवर शाकाहारी दिसणाऱ्या टोफूवर माशाचा कीस भुरभुरलेला असतो आणि रश्श्यात माशाचाच अर्क असतो. उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि मीठ हा त्यातल्या त्यात निर्धोक पर्याय. मद्य न पिणाऱ्यांची मात्र काही अडचण होत नाही. ऊलोंग चहा जवळपास सगळीकडे मिळतो आणि तो मागितल्याने कोणाची भुवई उंचावत नाही. हे सारे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावे. ऐनवेळी काउंटरवर बसल्यावर सांगितले तर गाइडची आणि दुकानदाराची, दोघांचीही पंचाईत होते.

पहिला टप्पा: पूर्वेकडील दार आणि एक भारतीय पाऊलखूण

भेटण्याचे ठिकाण म्हणून पूर्वेकडील दार ठरवावे. पूर्वी ‘आल्टाच्या पडद्यासमोर’ एवढे सांगितले की पुरायचे, पण 1980 मध्ये सुरू झालेली स्टुडिओ आल्टाची ती इमारत फेब्रुवारी 2025 अखेर बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबलेल्या गाइडपुस्तकांत ती खूण अजून सापडते. आता जवळच्या इमारतीवरील वळणदार पडद्यात दिसणारी त्रिमितीय मांजर ही ओळखीची जागा झाली आहे.

इथून काही पावलांवर नाकामुराया ही इमारत आहे, आणि बहुतेक फेऱ्या तिच्यावरून न थांबता पुढे जातात. भारतीय गटाने गाइडला इथे पाच मिनिटे थांबायला सांगावे. 1915 मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना जपान सरकारने देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा नाकामुराया या बेकरीचे मालक सोमा दाम्पत्य यांनी त्यांना दुकानामागील चित्रशाळेत लपवून ठेवले. पुढे 1918 मध्ये बोस यांचा विवाह त्यांच्या तोशिको या मुलीशी झाला. बंगाली पद्धतीच्या ज्या कोंबडीच्या रश्श्याची पाककृती बोस यांनी इथे दिली, तो 1927 पासून नाकामुरायाच्या उपाहारगृहात मिळू लागला आणि आजही मिळतो. फेरीपूर्वी जेवण उरकण्यासाठी मांसाहारी वाचकांनी ही जागा धरावी, फक्त घरच्या रश्श्याचा झणका तिथे शोधू नये.

दुसरा टप्पा: ओमोइदे योकोचो

पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला 2020 पासून स्थानकाच्या पोटातून मोकळा बोगदा झाला आहे. तिकीट लागत नाही. पश्चिमेच्या बाजूला रुळांना चिकटून जी अंधारी, धुराने काळवंडलेली गल्ली दिसते ती ओमोइदे योकोचो. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे काळाबाजार भरत असे. गव्हावर नियंत्रण असल्याने पिठाचे पदार्थ करणे अशक्य झाले, तेव्हा टपरीवाल्यांनी नियंत्रणाबाहेर असलेला माल, म्हणजे जनावरांची आतडी, काळीज असे अवयव भाजून विकायला सुरुवात केली. आजही अनेक दुकानांत याच काड्या अग्रस्थानी असतात, त्यामागे हा इतिहास आहे. 1999 मध्ये आग लागून गल्लीचा बराच भाग जळाला, पण तो पुन्हा त्याच अरुंद मापात उभा राहिला.

इथे बसण्याची रीत समजून घ्यावी. दुकान म्हणजे एक लाकडी काउंटर आणि त्याला टेकलेली सात-आठ स्टुले. पाठ गल्लीकडे असते आणि गल्लीतून जाणाऱ्याचा कोपर पाठीला लागतो. समोर, काउंटरपलीकडे हात पोहोचेल इतक्या अंतरावर, लांबट शेगडीत कोळसे असतात. भाजणारा माणूस एका हाताने पंख्याने वारा घालतो आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने पंधरा-वीस काड्या एकामागून एक अर्ध्या फेऱ्याने फिरवत जातो, कोणतीही काडी दुसऱ्यांदा न पाहता. मागणी करताना ‘तारे’ की ‘शिओ’ असे विचारले जाते. तारे म्हणजे सोयाचा गोडसर दाट रस आणि शिओ म्हणजे नुसते मीठ. पहिल्यांदा मीठच मागावे, म्हणजे भाजणाऱ्याचे कसब कळते.

बसल्यावर न मागता एक छोटी वाटी पुढे येते. तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. ही फसवणूक नव्हे. जागेचे भाडे म्हणून बहुतेक इझाकायांत, म्हणजे जपानी मद्यगृहांत, ती रीत आहे, आणि नको म्हणून परत करणे शोभत नाही. माणशी एक पेय तरी मागवणे अपेक्षित असते. चौघांनी मिळून दोन प्लेट घेऊन तासभर गप्पा मारणे इथे चालत नाही; अर्ध्या-पाऊण तासात उठावे, कारण बाहेर कोणीतरी त्याच स्टुलाकडे डोळे लावून उभा असतो.

तिसरा टप्पा: काबुकीचो

रेल्वेच्या पुलाखालून पुन्हा पूर्वेकडे आले आणि यासुकुनी रस्ता ओलांडला की लाल दिव्यांची कमान दिसते. नावात काबुकी असले तरी इथे काबुकीचे नाट्यगृह कधीच उभे राहिले नाही. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग बेचिराख झाल्यावर स्थानिक पुढारी सुझुकी किहेइ यांनी नाट्यगृहाभोवती करमणुकीची वस्ती वसवण्याची योजना मांडली, 1948 मध्ये वस्तीला तसे नाव दिले गेले, आणि मग नाट्यगृहच राहून गेले. त्याऐवजी 1956 मध्ये कोमा थिएटर झाले, ते 2008 मध्ये बंद पडले आणि त्या जागी 2015 मध्ये तोहो इमारत आली, जिच्या गच्चीवरून गॉडझिलाचे डोके डोकावते. शेजारी 2023 पासून 225 मीटर उंचीचा काबुकीचो टॉवर उभा आहे.

शिंजुकूतील करमणुकीचा इतिहास मात्र युद्धाहून फार जुना आहे. कोशू महामार्गावरील मुक्काम म्हणून 1698 मध्ये नाइतो शिंजुकूला परवानगी मिळाली, तिथल्या सरायांत प्रवाशांना ‘जेवण वाढणाऱ्या’ म्हणून ठेवलेल्या मुलींचा बोलबाला इतका झाला की 1718 मध्ये शासनाने मुक्कामच बंद केला, आणि 1772 मध्ये तो पुन्हा सुरू करावा लागला. सुधारणा, बंदी आणि पुन्हा सुरुवात, हे चक्र इथे तेव्हापासून चालू आहे. गाइडकडून हा भाग ऐकून घ्यावा, म्हणजे सध्याच्या पोलिसी मोहिमांकडे पाहण्याची दृष्टी येते.

या टप्प्यावर दलालांचा विषय येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. रस्त्यात हसतमुखाने, बहुधा इंग्रजीत, ‘एक तास, तीन हजार येन, हवे तेवढे प्या’ असे सांगणारा माणूस गाठ पडेल. त्याच्यासोबत आत गेल्यावर बिलात टेबलाचे, सेवेचे, बर्फाचे आणि शेजारी येऊन बसलेल्या मुलीच्या पेयांचे पैसे लागतात आणि आकडा लाखाच्या घरात जातो. जपानीत याला बोत्ताकुरी म्हणतात. पेयात गुंगीचे औषध मिसळून कार्डावर रकमा उकळल्याच्या तक्रारींवरून परदेशी दूतावासांनीही आपल्या नागरिकांना या भागाबाबत सावध केलेले आहे. रस्त्यातील ध्वनिक्षेपकांवरून ‘दलालांच्या मागे जाऊ नका’ अशी सूचना सतत चालू असते, आणि गंमत म्हणजे दलाल ती सूचना चालू असतानाच तिच्याखाली उभे असतात.

उपाय साधा आहे. उत्तर देऊ नये, थांबू नये, हातातला कागद घेऊ नये. ‘नको, धन्यवाद’ असे सभ्यपणे म्हणणे हेदेखील त्यांच्या दृष्टीने संभाषणाची सुरुवात असते. गाइड बरोबर असला की ते सहसा जवळ येत नाहीत. तरीही फेरी संपल्यावर कोणी फसलेच, तर घाबरून मोठ्या रकमेवर कार्ड लावू नये; 110 या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे किंवा ‘आपण कोबानमध्ये जाऊन बोलू’ असे ठामपणे म्हणावे. कोबान म्हणजे पोलीस चौकी, आणि काबुकीचोची स्वतःची चौकी आहे. फेरीच्या वेळीच गाइडकडून तिची जागा पाहून ठेवावी.

भिंतींवर केस रंगवलेल्या तरुणांचे मोठमोठे चेहरे दिसतात. ते होस्ट क्लबचे, म्हणजे तरुण पुरुष स्त्री-ग्राहकांची सरबराई करतात अशा क्लबचे, फलक. ग्राहक तरुणींना उधारीत अडकवून देहव्यापाराकडे ढकलण्याच्या प्रकारांवरून बरीच टीका झाल्यावर 2025 मध्ये याबाबतचा कायदा कडक करण्यात आला. तोहो इमारतीच्या आसपास घोळक्याने बसलेली मुले दिसली तर त्यांचे फोटो काढू नयेत. घर सोडून आलेल्या मुलांचा हा अड्डा म्हणून बातम्यांत गाजला असून त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत.

एवढ्या गोंगाटातही एक जागा चुकवू नये. याच वस्तीत एका छोट्या बागेत बेंझाइतेनचे देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचलेली आपली सरस्वती. तिचे स्थान पाण्याजवळ मानले जाते, आणि भराव पडण्यापूर्वी इथे खरोखरच पाणथळ जमीन होती. पुढे जाताना आणखी एक इमारत पाहून हसू येते: शिंजुकू प्रभागाचे मुख्य कार्यालय काबुकीचोच्या पत्त्यावरच आहे, म्हणजे जन्मनोंदणीपासून कराच्या पावतीपर्यंतची सरकारी कामे याच वस्तीत होतात.

चौथा टप्पा: गोल्डन गाइ

प्रभाग कार्यालयाच्या पुढे जुन्या ट्रामचे रूळ काढून केलेली झाडांची पायवाट लागते आणि तिच्या कडेला सहा गल्ल्या सुरू होतात. दोन मजली लाकडी चाळवजा घरांत दोनशेहून अधिक बार दाटीवाटीने बसलेले आहेत. युद्धोत्तर काळात पोलिसांच्या नकाशावर परवानगी असलेल्या वेश्यावस्त्या लाल रेघेने आणि बिनपरवाना वस्त्या निळ्या रेघेने दाखवल्या जात. गोल्डन गाइ निळ्या रेघेत होते. 1956 चा वेश्याव्यवसायविरोधी कायदा 1958 मध्ये पूर्णपणे लागू झाला तेव्हा त्या खोल्यांचे बार झाले, आणि लेखक, पत्रकार, नाटक-सिनेमावाले तिथे येऊन बसू लागले. 1980 च्या दशकात जमिनीचे भाव गगनाला भिडले तेव्हा विकासकांचा डोळा या जागेवर पडला आणि संशयास्पद आगीही लागल्या, परंतु मालक व नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मिळून ही वस्ती टिकवली. 2016 च्या एप्रिलमध्येही इथे आग लागली होती.

गाइडची खरी कसोटी इथे लागते. चांगला गाइड गटाला गल्लीच्या तोंडाशी थांबवतो, एकटा पुढे जातो, दार सरकवून फक्त डोके आत घालतो आणि बोटांनी माणसांची संख्या दाखवतो. मालकाने मान डोलावली तर तो हात करून बोलावतो. हातांची फुली झाली तर ‘जागा नाही’ एवढाच अर्थ घेऊन दार हळूच बंद करतो. काही बार फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असतात आणि तिथला नकार परदेशी असण्यावरून असतोच असे नाही; ओळख नसलेल्या टोकियोकरालाही तो मिळतो. त्यावर हुज्जत घालू नये.

आत शिरल्यावर क्रम असा ठेवावा. गाइडकरवी बसण्याचे शुल्क विचारून घ्यावे. ते सहसा पाचशे ते दीड हजार येन असते, काही ठिकाणी मुळीच नसते आणि मग तशी पाटी बाहेर लावलेली असते. मालक दाखवील त्याच खुर्चीवर बसावे, कारण कोपऱ्यातली रिकामी खुर्ची बहुधा कोणाची तरी ठरलेली असते. कोट आणि पिशवी कुठे ठेवायची ते विचारावे. पहिले पेय लगेच मागवावे. आत सिगारेटचा धूर असू शकतो, कारण मालक एकटाच चालवतो अशा छोट्या बारना धूम्रपानबंदीतून सवलत आहे. दम्याचा त्रास असेल त्यांनी धूररहित बार आधीच ठरवून घ्यावा. रस्त्यावर मात्र सिगारेट ओढता येत नाही, आणि गल्लीत उभे राहून पिणेही चालत नाही.

गप्पांची सुरुवात शेजाऱ्यापासून न करता मालकापासून करावी. मालक बोलता झाला की तोच तुमची शेजाऱ्याशी ओळख करून देतो. आवाज बेताचा ठेवावा, आपापसांत मराठीत रंगून जाऊ नये. सहा माणसांच्या खोलीत चौघांनी स्वतंत्र मैफल मांडली तर उरलेल्या दोघांनी जायचे कुठे? फोटो काढण्यापूर्वी मालकाची आणि शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी. गल्ल्यांमध्येही परवानगीशिवाय चित्रीकरणास मनाई असल्याच्या पाट्या आहेत आणि त्या केवळ शोभेला लावलेल्या नाहीत. एका पेयानंतर, फार तर दोन पेयांनंतर, उठावे. मग दुसरा बार. फेरीत दोन बार पुरेत; तीन-चार बारची आश्वासने देणारी फेरी म्हणजे नुसती जिन्यांची चढउतार असते.

फेरी संपत आल्यावर गाइडला एक विनंती जरूर करावी: ‘आता पुढच्या दाराशी आम्हीच विचारतो, तुम्ही मागे उभे राहा.’ डोके आत घालणे, बोटे दाखवणे, नकार आला तर हसून मागे फिरणे, हे एकदा स्वतः केले की पुढच्या वेळी गाइडशिवाय येता येते.

हानाझोनो आणि निचोमे

गोल्डन गाइला पाठ लावून हानाझोनो देऊळ आहे. 1967 मध्ये नाटककार कारा जुरो यांनी याच आवारात लाल तंबू ठोकून नाटके केली आणि जपानी प्रायोगिक रंगभूमीचा तो मोठा टप्पा ठरला. नोव्हेंबरात गेलात तर तोरी-नो-इची जत्रेची तारीख गाइडला विचारावी. व्यापारी मंडळी बरकतीसाठी सजवलेले बांबूचे पंजे विकत घेतात आणि सौदा पटला की विक्रेते तालावर टाळ्या वाजवतात. त्या रात्री गर्दी प्रचंड असते, पण ती पाहण्यासारखी असते.

निचोमे हा समलिंगी व्यक्तींच्या बारचा भाग दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. 1958 नंतर लाल रेघेतील ही वस्ती ओस पडली आणि तिथे हळूहळू हे बार आले. सर्वांना प्रवेश असलेले बार तिथे आहेत तसे केवळ पुरुषांसाठी किंवा केवळ स्त्रियांसाठी असलेलेही आहेत. त्या समाजातलाच गाइड असेल तर जावे, एरवी कुतूहलापोटी गट घेऊन फिरू नये.

परतीची गाडी

शेवटच्या गाड्या मध्यरात्र ते एकच्या दरम्यान सुटतात आणि नेमकी वेळ मार्गानुसार बदलते. मुंबईकराला शेवटच्या लोकलचे महत्त्व सांगायला नको, पण इथे बारच्या दारापासून फलाटापर्यंत पोहोचायलाच वीस मिनिटे लागू शकतात, ही गोष्ट हिशेबात धरावी. ओजिमा किंवा फुनाबोरीच्या बाजूला राहणाऱ्या भारतीय नातलगांकडे उतरला असाल तर तोएइ शिंजुकू मार्गाने थेट जाता येते, गाडी बदलावी लागत नाही. निशी-कासाइला जाणाऱ्यांना मात्र वाटेत तोझाइ मार्गाची गाडी पकडावी लागते, आणि तिथली शेवटची गाडी चुकली तर शिंजुकूची पकडून उपयोग होत नाही. म्हणून वेळ त्या दुसऱ्या गाडीची पाहावी.

गाडी चुकलीच तर टॅक्सी घ्यावी, परंतु रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत भाड्यावर वीस टक्के जादा आकार असतो. अंतर लांबचे असेल तर ते भाडे कॅप्सूल हॉटेलातील रात्रीच्या दराहून जास्त होते. अशा वेळी झोपायची जागा शोधावी आणि पहाटे साडेचार-पाचच्या पहिल्या गाडीने निघावे. मात्र ती जागा रस्त्यातल्या माणसाला विचारून शोधू नये. फेरी संपताना गाइडकडूनच एक-दोन पत्ते फोनमध्ये टिपून घ्यावेत.